आजारी कलावंताला सगळं माफ? माझ्या दादाच्या वतीने उत्तर

गेल्या आठवड्यात अमळनेरच्या आमच्या तीन-तीन ग्रुपवर एकच मजकूर फिरत होता. वर अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टचा फोटो आणि खाली हे: "प्रतिभेला वेडाचा शाप असतोच. त्याला बायपोलर आहे, त्यामुळे तो जे करतो त्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. कायदासुद्धा वेड्याला सोडतो. गोळ्या दिल्या तर कला मरते. आरोप करणाऱ्या बायांना पैसा हवाय. गाणी ऐका, बाकी सोडा."

माझ्या दादाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति तेजीत तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार. तो वहीगायनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या डफावरच्या लोकगाण्यांच्या मंडळात डफ वाजवतो, नव्या वह्या (गाणी) रचतो. त्याला विचारूनच हे लिहितेय. तो मजकूर त्याच्यापर्यंतही पोहोचला आणि संध्याकाळी त्याचा फोन आला, "मंग गोया बंद करू का?"

म्हणून आधी गोळ्यांचंच बोलते. भीती अगदीच खोटी नाही. लिथियम हे बायपोलरवरचं औषध सुरू झाल्यावर पहिले काही महिने दादाची बोटं थरथरायची, डफावर थाप पडायची पण त्याला हवी तशी नाही. तो रडायचा. डोस बदलला, हळूहळू हात परत आला. लिथियमवर आयुष्यभर काम केलेले डॅनिश मानसोपचारतज्ज्ञ मोगेन्स शू यांनी १९७९ मध्ये हे औषध घेणाऱ्या २४ कलावंतांची माहिती प्रसिद्ध केली. १२ जण म्हणाले, काम वाढलं. ६ जणांना फरक पडला नाही. ६ जणांचं काम घटलं. संख्या लहान आहे आणि त्या सहा जणांचं नुकसान मी नाकारत नाही, पण "कला मरते" असं सरसकट म्हणायला यात काही आधार नाही. दादाची वही तर तेजीच्या दिवसांत कधीच पुरी झाली नाही. रात्रभर पानंच्या पानं लिहायचा, सकाळी त्यालाच वाचता यायची नाहीत. जी गाजली ती गोळ्या सुरू असताना बसून रचलेली आहे.

आणि गोळी बंद करा हे सांगणं किती सोपं! मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो. घामाने अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं, विषबाधा होऊ शकते. म्हणून दादा शेतात जाताना पाण्याची मोठी कॅन नेतो, ठरलेल्या तारखेला रक्त तपासतो, किडनी आणि थायरॉइडही बघतो. बरं राहायला तो एवढी मेहनत घेतो. फॉरवर्ड करणाऱ्याने त्यातलं काय पाहिलंय?

आता "प्रतिभेला वेडाचा शाप". स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासांत सर्जनशील व्यवसायांतल्या लोकांत बायपोलरचं प्रमाण जास्त दिसलं, हे खरं. पण त्याच अभ्यासात बायपोलर असलेल्यांची निरोगी भावंडंही अशा व्यवसायांत जास्त आढळली, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. शिवाय प्रतिभा आणि मनाची घालमेल हातात हात घालून आली, तरी त्यात तिसऱ्याला मारहाण कुठून आली? आपल्या चाळीसगावचे केकी मूस घ्या. मोठा फोटोग्राफर. स्टेशनजवळच्या बंगल्यात माणसाने स्वतःला वर्षानुवर्षं कोंडून घेतलं, १९८९ मध्ये तिथेच गेले. मुंबईची कोणी येईल म्हणून ते रोज पंजाब मेलची वाट बघायचे, असं गावात आजही सांगतात. त्यांना कुठला आजार होता की नव्हता, ते मी ठरवणार नाही. विक्षिप्त होते, एकटे होते. त्यांनी दुःख स्वतःच्या घरात ठेवलं. आसोद्याच्या बहिणाबाईंनी तर तिशीत वैधव्य आलं तरी शेत राखलं, पोरं वाढवली आणि ओव्या केल्या. कुणाचं डोकं फोडून नाही केल्या.

कायद्याबद्दल मात्र सावकाश वाचा, कारण इथे मजकूर थेट दिशाभूल करतो. (मी भारताचं सांगते, अमेरिकेत राज्याराज्यांत नियम वेगळे.) आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२ लागू आहे, आधी ते दंड संहितेचं ८४ होतं. कृत्य करताना, मनोविकारामुळे, आपण काय करतोय किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे कळण्याचीच क्षमता नव्हती, तरच ते लागू होतं. डॉक्टरची चिठ्ठी दाखवून भागत नाही. त्या क्षणाची अवस्था दाखवायची असते, आणि ते ओझं आरोपीवर असतं. सुटला तरी तो थेट घरी जात नाही. न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवतं किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवतं. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाईला नुसता संरक्षणाचा आदेशही मागता येतो. नवरा आजारी आहे म्हणून तिचा तो हक्क जात नाही.

कलावंत म्हणून सोडून दिलं की काय होतं, ते बघा. फिल स्पेक्टर हा अमेरिकन संगीतनिर्माता. त्याच्या ध्वनिमुद्रणाची पद्धत जगभर उचलली गेली. मनोविकारावर औषध घेतो, असं तो मुलाखतीत बोलला होता. २००३ मध्ये त्याच्या घरात अभिनेत्री लाना क्लार्कसन गोळी लागून मेली. खटल्यात एकामागून एक बायका उभ्या राहिल्या आणि त्याने आपल्यावरही बंदूक रोखली होती, असं सांगून गेल्या. २००९ मध्ये तो खुनाचा दोषी ठरला, २०२१ मध्ये कैदेतच मेला. त्या बायका आधी बोलल्या तेव्हा "तो तसाच आहे, कलावंत आहे" म्हणून गप्प बसवणाऱ्यांत आपण नसावं, एवढंच मला वाटतं.

कान्येवरच्या आरोपांचं म्हणाल, तर २०२४ मध्ये एका माजी सहायिकेने लैंगिक छळाचा दावा लावला आणि त्याने तो नाकारला. निकाल मी देणार नाही, फॉरवर्ड करणाऱ्यानेही देऊ नये. पण विसंगती बघा. तो म्हणतो, मी केलंच नाही. चाहते म्हणतात, आजारात केलं, माफ करा. दोन्ही एकाच वेळी कसं खरं? आणि पैशासाठी बोलते, हे तिचं म्हणणं तपासायच्या आधीच कसं कळलं?

"गाणी ऐका." ऐका ना. गाणं ऐकायला बाईला खोटं पाडावं लागत नाही.

मनाचे आजार असलेली बहुतेक माणसं कुणाला मारत नाहीत, उलट स्वतःच जास्त मार खातात. हा मजकूर त्या सगळ्यांना एका पोत्यात भरतो. दादाने मात्र एकदा हात उचलला होता. तीन रात्री झोप नव्हती, कापसाचे पैसे स्पीकरात घातले होते, वहिनी आडवी आली. वहिनी माहेरी पारोळ्याला गेली. तो बरा झाल्यावर "मला आठवत नाही" म्हणाला, मग दोन दिवसांनी म्हणाला, "आठवतंय." स्वतः पारोळ्याला जाऊन सासऱ्यांसमोर बोलला. खातं वहिनीच्या नावावर केलं. झोप दोन रात्री उडाली की एटीएम कार्ड आणि मोबाइल तिच्याकडे, आणि दवाखान्यात नेताना तो अडवणार नाही, असं कागदावर लिहून दिलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांबद्दल असं आधीच लिहून ठेवायची सोय आहेच. वहिनी परत आली तेव्हा दारातच म्हणाली, "आजार संभाळसू, पन मार नई."

गोळ्या बंद करू का, याचं उत्तर मी त्याला फोनवर दिलंच, पण ते वहिनीने आधी दिलं होतं. मागून तिचा आवाज येत होता, "रातनी गोई लिधी का?"