‘व्हाइस सिटी’ची सात हजार कोटींची कमाई : एका गुणाकाराचा प्रतिवाद

सांगली-मिरजेतल्या गेम खेळणाऱ्यांच्या गटांमधून सध्या एक संदेश फिरत आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी’च्या पहिल्याच वर्षी १.७५ कोटी प्रती खपल्या, प्रत्येकीची किंमत ५० डॉलर, म्हणून कंपनीने ८७.५ कोटी डॉलर, अर्थात सात हजार कोटी रुपयांहून अधिक कमावले. शिवाय भारतातला खप धरला तर रक्कम दुप्पट होईल, असे त्यात म्हटले आहे. गुणाकार बिनचूक आहे, पण गुणलेले दोन्ही आकडे भलत्याच ठिकाणचे आहेत.

१.७५ कोटी हा आकडा मनचा नाही. मात्र तो मार्च २००८ पर्यंतचा, म्हणजे २९ ऑक्टोबर २००२ रोजी गेम अमेरिकेत सोनीच्या प्लेस्टेशन २ या गेमयंत्रावर आला तेव्हापासूनच्या सुमारे साडेपाच वर्षांचा एकत्रित आकडा आहे. त्यातही प्रकाशक जो खप जाहीर करतात, तो बहुधा दुकानांकडे रवाना केलेला माल असतो. मार्केट यार्डात हळदीची आवक झाली म्हणजे सौदा झाला, असे सांगलीत कोणी म्हणणार नाही. इथेही पडून राहिलेला माल परत येतो किंवा दुकानदाराला त्यावर सूट द्यावी लागते, आणि तो भार प्रकाशकाच्या उत्पन्नावर पडतो.

खरी गफलत किमतीत आहे. ५० डॉलर ही अमेरिकेतली सुरुवातीची किरकोळ किंमत होती. तिच्यातून दुकानदाराचा वाटा वजा होतो, मग प्रत्येक प्रतीमागे सोनीचे परवाना शुल्क आणि तबकडी, छपाई, वाहतूक यांचा खर्च निघतो. पुढे हाच गेम ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या स्वस्त आवृत्त्यांच्या मालिकेत २० डॉलरला मिळू लागला. २००३ च्या अखेरीस एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेमयंत्रासाठी तो आधीच्या तिसऱ्या भागासोबत एकाच खोक्यात आला, तेव्हा त्या खोक्याची सगळी रक्कम एकट्या ‘व्हाइस सिटी’च्या नावे कशी लिहायची? प्रकाशक टेक-टू या कंपनीची २००३ च्या आर्थिक वर्षातली एकूण निव्वळ विक्री सुमारे १०३ कोटी डॉलर होती आणि तीत इतरांचे गेम वितरित करणाऱ्या उपकंपनीचा धंदाही होता. एका गेमने एका वर्षात ८७.५ कोटी मिळवले असते, तर बाकी सगळ्यासाठी फारच थोडे उरते.

रुपयांचा हिशेबही आजच्या दराने केलेला आहे. २००२ मध्ये डॉलर ४८ रुपयांच्या आसपास होता.

काही जण संगणकावरचे गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानावरील अभिप्रायांच्या संख्येला ठरावीक पटीने गुणून खपाचा पुरावा देतात. नव्या गेमसाठी ती पद्धत कामचलाऊ ठरते, पण हा गेम स्टीमवर २००८ मध्ये आला, अभिप्रायांची सोय तिथे २०१३ च्या अखेरीस झाली, आणि मुख्य खप तर प्लेस्टेशनवर होता.

भारताबद्दलचा दावा सर्वांत कच्चा आहे. आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये हा गेम सर्रास खेळला जाई हे खरे, पण एका नकली सीडीवरून दहा संगणकांवर चढवलेल्या गेमचा एक रुपयाही प्रकाशकाला मिळत नाही. लोकप्रियता मोजायची असेल तर ते खेळाडू जरूर मोजावेत; महसुलात त्यांची नोंद शून्यच राहते.

प्रकाशकाच्या हाती प्रत्येक प्रतीमागे सरासरी २० ते २८ डॉलर पडले असे गृहीत धरले, तर साडेपाच वर्षांची रक्कम ३५ ते ४९ कोटी डॉलर येते. हा माझा अंदाज आहे. सरासरी बदलली की तोही बदलेल. २०१२ च्या मोबाइल आवृत्तीचा हिशेब त्यात धरलेला नाही.