थंडी झाडांक पडता

आमची धाकटी लेक नोकरीसाठी देहरादूनला गेली आणि पहिल्याच डिसेंबरात तिचा फोन आला. "बाबा, इथे मरणाची थंडी आहे. गरम कपडे पाठव."

देहरादून हिमालयाच्या पायथ्याला, आम्ही कुडाळजवळच्या एका वाडीत. तिथल्या माणसाने आमच्याकडे लोकर मागायची म्हणजे मालवणच्या माणसाने सोलापूरहून बांगडे मागवण्यासारखं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"इथे ढीगभर मिळतं रे, पण सगळं कारखान्यातलं. मी ठरवलंय, या वर्षी ज्याने केलंय तो माणूस माहीत असेल तरच ती वस्तू घ्यायची. लहान धंदेवाल्यांची, स्थानिक. आणि स्थानिक म्हणजे आपल्याकडची, इथली नाही."

पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली. स्वेटर एक, शाल एक, पांघरूण एक, कानटोपी एक, पायपुसणं एक, "आणि घरात ठेवायला आपल्याकडचं काहीतरी". काटेकोर यादीच्या शेवटी असलं एखादं 'काहीतरी' असतं आणि सगळे पैसे त्यातच जातात, हा माझा लग्नानंतरचा अनुभव आहे.

मी हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवला. 'कोकणचे हवामान उष्ण, दमट व सम आहे' हे वाक्य मी किती वह्यांमध्ये उतरवून घेतलं असेल त्याला गणती नाही. पण त्या वाक्याचा स्वेटरशी काही संबंध आहे हे निवृत्तीनंतर, पायात चपला सरकवून बाजारात जाईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पहिलं दुकान ओळखीचं. स्वेटर म्हटल्यावर मालकांनी माझ्याकडे आधी चष्म्यावरून आणि मग चष्म्यातून पाहिलं. "कोणाक बरां नाय?" त्यांनी काळजीने विचारलं. आमच्याकडे स्वेटर हा कपडा नसून लक्षण आहे. मग शिडी लागली, पोर माळ्यावर चढलं आणि वरून एक पिशवी धप्पकन खाली आली. आत शाळेचे दोन निळे स्वेटर आणि एक मोरपंखी, तिघांनाही डांबराच्या गोळ्यांचा वास.

"हे लोकल आहेत का?"

"म्हणजे काय! तीन वर्सां हंयच पडान असत."

माझा स्वतःचा एक स्वेटर आहे, तो इथे सांगून टाकतो, कारण पुढे त्याचं काम आहे. चॉकलेटी, छातीवर पांढऱ्या शंकरपाळ्या. बारा वर्षांपूर्वी कोल्हापूरला एका तिबेटी बाईंच्या पालावर घेतला होता. बाई गोऱ्या, गालावर लाली, समोर स्वेटरांचा डोंगर. मला वाटलं, थेट पठारावरची लोकर. घरी येऊन कॉलर उलटली तर आत 'लुधियाना'. पुढे कळलं की देशभरातले हे तिबेटी विक्रेते बहुतेक माल लुधियानाहूनच उचलतात. पण ऊब चांगली होती. बारा वर्षांत मी तो अकरा वेळा तरी घातला असेल.

दुसऱ्या दिवशी मी मुळापासून विचार केला. स्थानिक स्वेटर हवा तर स्थानिक लोकर हवी, स्थानिक लोकर हवी तर स्थानिक मेंढी हवी. आणि मेंढी सह्याद्री उतरून आमच्याकडे नांदायला तयार नाही. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यात अंगावर लोकरीचा कोट. त्या जनावराचा काय दोष? तिचे खूर कुजतील. देशावरची दख्खनी मेंढी कोरड्या माळावर सुखी आहे, ती तिथेच राहणार. आमचे डोंगरातले गवळी धनगरसुद्धा मेंढ्या नाही, गाई-म्हशी पाळतात. म्हणजे धनगर आहेत पण लोकर नाही, असा आमचा भूगोल. हे मी एकतीस वर्षांत एकदाही शिकवलं नाही. अभ्यासक्रमात नव्हतं.

मार्गशीर्षात शेजारच्या गावची जत्रा होती. रात्री पालखी झाली की दशावतार, तो पहाटेपर्यंत. खाज्याच्या आणि चुडेवाल्यांच्या दुकानांच्या मागे, उजेड संपतो तिथे, एक घोंगडीवाला बसला होता. अस्सल काळी घोंगडी, हाताला खरखरीत, चिंचोक्याची खळ दिलेली. माझा जीव भांड्यात पडला. "कुठली?" तर कोल्हापूरकडची. सनगरांच्या मागावर विणलेली. माणूस खरा, हात खरे, धंदा लहान. सगळ्या अटींत बसत होतं, फक्त घाट आडवा येत होता.

मी जत्रेतूनच लेकीला फोन लावला. मागे संकासुर गर्जत होता.

"घाटावरची चालेल का?"

"बाबा, आपली म्हणजे आपली." एवढं म्हणून तिने नाटकाचा आवाज ऐकायला फोन तसाच धरून ठेवायला सांगितलं. वीस मिनिटं मी हात उंच करून उभा होतो. मागच्या म्हाताऱ्याने "गे बाय, हात खाली घे" म्हटल्यावर खाली घेतला. अंधारात त्याला मी बाई वाटलो. डोक्याला पंचा गुंडाळला होता.

हे झालं कपड्यांचं. घरगुती वस्तूंचं मात्र उलटं झालं. ज्या दाराशी जावं तिथे माल तयार.

सावंतवाडीला चितार आळीत गेलो. पांगाऱ्याच्या लाकडाची, रंगवलेली फळं: केळी, आंबे, सीताफळ, फोडलेला फणस. तिथल्या माणसाने कानटोपीचं ऐकून घेतलं आणि काही न बोलता माझ्या हातात एक लाकडी पेरू ठेवला. मग गंजिफांचे गोल पत्ते दाखवले. दशावतारी गंजिफेत पत्ते 120, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा. मी म्हटलं, थंडीत पोरीला उपयोग काय? तो म्हणाला, "120 पत्ते पिसल्यार घाम येता." गंजिफेची किंमत ऐकून मला न पिसताच आला. केळ्यांचा घड आणि पेरू घेऊन घरी आलो. हिने पेरू विळीवर ठेवला, तेव्हा कळलं की रंगकाम उत्तम आहे.

मग बांबूवाले. आमच्याकडचा माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्याची खुर्ची नातवंडांना पुरते. पण मी निवडली रोवळी, तांदूळ धुवायची बांबूची टोपली; खुर्ची देहरादूनला कोण नेणार? नंतर काथ्याचं पायपुसणं मिळालं, यादीतली पहिली वस्तू जिच्यावर मी टिक करू शकलो. बनवणाऱ्या बाई समोरच काथ्या वळत होत्या. नारळाची सोडणं किती महिने पाण्यात कुजवावी लागतात इथपासून मुंबईतल्या जावयाच्या नोकरीपर्यंत सगळं त्यांनी सांगितलं. म्हणजे माणूस माहीत असण्याची अट व्याजासकट पूर्ण झाली. त्यांनी जाता जाता विचारलं, "इरलां व्हयां काय? एक पडान असा."

त्या इरल्याने माझं डोकं उघडलं. कामट्यांची ती पाठीवरची होडी, पानांनी शिवलेली, लावणीच्या वेळी बाईला वाकल्या वाकल्या कोरडी ठेवणारी. आमच्या माणसाने पिढ्यान् पिढ्या जे काही विणलं, वळलं, शिवलं ते सगळं पाण्याच्या विरोधात. इरलं पावसासाठी. पडवीला बांधायचे झावळ्यांचे झाप पावसासाठी. पायपुसणं चिखलासाठी. घाटावरची घोंगडीसुद्धा आमच्याकडे आली की पहिली तिची खोळ होते आणि ती शेताच्या बांधावर उभी राहते. आकाशातून काही पडलं तरच आमचा माणूस हात हलवतो. थंडी पडताना दिसत नाही, आवाजही करत नाही. तिच्यासाठी कोण कशाला काय करील?

आणि ती पडते तरी कुणासाठी? दापोलीला काही रात्री पारा 10 च्या आसपास उतरतो, त्यांचा तोरा वेगळा. आमच्या किनाऱ्यावर 20 च्या खाली गेला की लोक एकमेकांना फोन करतात, पण तब्येत विचारायला नाही. "मोहोर इलो काय?" एवढंच. पोर शिंकलं तर बघू, पण ढग आले तर तुडतुड्याच्या काळजीने बागायतदाराचा डोळा लागत नाही. शेजारच्या काकींना मी माझी सगळी वणवण सांगितली, तेव्हा त्या नारळ सोलता सोलता म्हणाल्या, "मास्तर, हंय थंडी झाडांक पडता, माणसांक नाय."

मधे बचत गटाचं प्रदर्शनही झालं. सोळा टेबलं, त्यातल्या अकरांवर कोकम आगळ. एका ताईंनी विणलेले कपडे ठेवले होते, पण ती सगळी टोपरी आणि पायमोजे, वय वर्षं शून्य ते एक. आमच्याकडे माणसाला थंडी वाजायचा अधिकार तेवढाच काळ असतो. "मोठ्या मापाचं विणून द्याल?" असं विचारलं. त्यांनी लेकीच्या डोक्याचं माप मागितलं. फोन केला. ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, तरी तिने चार्जरची वायर डोक्याभोवती गुंडाळून मोजून सांगितलं. टोपी झाली. लोकर कुठली ते मी विचारलं नाही. माणूस अनुभवाने शहाणा होतो.

राहिलं पांघरूण. आणि ते सगळा वेळ माझ्या कुंपणापलीकडे होतं. काकी गोधडी शिवतात. पडवीत पाय पसरून, मांडीवर कापड, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सुई वर येते, खाली जाते, तांदळाच्या दाण्याएवढा टाका, एकाशेजारी एक, ओळी अशा की मला माझ्या फळ्यावरच्या ओळी आठवून लाज वाटली. कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन असं आत आत जायचं. मधेच थांबून त्या तळहाताने कापड दाबून बघतात, भाकरी फुगली का बघावं तसं. पोकळ लागलं की तिथे आणखी एक चिंधी आत सरकते.

"काकी, एक विकत द्याल?"

"गोधडेचे कोण पैशे घेता?"

इथे अडलं. लेकीची अट लहान धंद्याची. धंदाच करायला तयार नाही तो माणूस लहान धंदेवाला कसा ठरणार? शेवटी काकींची कॉलेजातली नात मधे पडली. तिने बोटांवर हिशेब केला, बावीस दुपारी, दुपारला तीन तास, आणि म्हणाली, 2,500. काकी उडाल्या. "तेवढ्यात दोन ब्लँकेटां येतली!" आणि स्वतःच 500 वर उतरल्या. मी 2,400 म्हणालो. त्या 600. आयुष्यभर मासळी बाजारात घासाघीस केली, पण गिऱ्हाईक वर ओढतंय आणि दुकानदार खाली, हे पहिल्यांदाच. 1,800 वर तुटलं, तेही वर दोन नारळ घ्यायच्या अटीवर. ते त्यांनी मला दिले. नातीने क्यूआर कोडाचा कागद पडवीच्या खांबाला चिकटवला तो अजून आहे. काकी त्यावर पंचांग अडकवतात.

"कधी मिळेल?"

"बगूया."

हे आमच्याकडचं कालमापनाचं एकक आहे. दोन दिवसांपासून होळीपर्यंत ताणतं.

"आत घालूक जुनी कापडां घेवन येवा," काकींनी सांगितलं. "नवां कापड नको. ऊब नाय तेका." मी हिला म्हटलं, आईची नऊवारी लुगडी दे वरखाली लावायला, आणि आत भरायला माझं जे जे लागत नाही ते सगळं दे. एवढं सांगून मी ग्रामपंचायतीत गेलो.

संक्रांत झाली आणि गोधडी आली. आईच्या दोन लुगड्यांपैकी हिरवं वर, जांभळं खाली. काठ तसेच ठेवलेले. मी नुसता हात फिरवला तर पस्तीस वर्षांमागची चुलीपुढची आई आठवली. भरली साडेतीन किलो. पोस्टात तराजूवर ठेवताना काउंटरवरच्या मुलीनेही एकदा हात फिरवून घेतला. सोबत टोपी, पायपुसणं, रोवळी आणि पेरू. केळ्यांचा घड हिने ठेवून घेतला, पाहुण्यांना फसवायला.

पार्सल गेलं आणि चौथ्या दिवशी आमच्याकडे थंडी पडली. खरी. पहाटे विहिरीवर वाफ दिसायला लागली, कलमं टोकापासून तांबूस झाली, वाडीभर आनंदीआनंद. मी कपाट उघडलं. स्वेटर नाही. ट्रंक उघडली. नाही.

"अगो, माझा चॉकलेटी?"

"तो काकींना दिला की! तुम्हीच म्हणालात, लागत नाही ते सगळं दे." आणि पोळपाटावरून मान वर न करता, "कोकणात तुम्हाला स्वेटर कधी लागला?"

काकींना विचारलं. त्यांनी अभिमानाने सांगितलं की स्वेटर काही त्यांनी कापला नाही. एवढं चांगलं कापड! जिथे पोकळ लागत होतं तिथे तो घडी करून अख्खा आत ठेवला आणि वरून दुहेरी टाका घातला.

त्या रात्री मी पडवीत टर्किश टॉवेल दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसलो होतो, तेव्हा लेकीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर विणलेली टोपी, टोपीखाली तिचा चेहरा आणि हनुवटीपर्यंत आजीचं हिरवं लुगडं. मागे खिडकीत लाकडी पेरू.

"बाबा, काय ऊब आहे रे! आणि सगळं आपल्याकडचं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं मी, बाहेरचा धागासुद्धा नाही." मग तिने गोधडी चाचपल्यासारखं केलं. "एक विचारू? पायाकडे एका कोपऱ्यात फारच गरम लागतं. मी आता उलटं पांघरते, तो कोपरा पोटावर घेते. काकींना विचार ना, तिथे काय घातलंय ते."

मी टॉवेल सावरला.

"विचारून सांगतो," म्हटलं.