‘थोडंसंच वाढलंय’ या वाक्याबद्दल

रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताचं एक एन्झाइम) थोडं वाढलेलं दिसलं तर काय, यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण योग्य जागी झोंबली. काकांचं एसजीपीटी कायम 60 च्या आसपास होतं, सगळे ‘थोडंसंच वाढलंय’ म्हणत राहिले आणि शेवटी निदान झालं ते थेट सिरॉसिसचं (यकृत व्रणांनी भरून कडक होणं), असं तुम्ही लिहिलंत. माझ्या लेखात ‘घाबरू नका’ होतं, त्यावर मी ठाम आहे. त्याला जोडून ‘पण सोडूनही देऊ नका’ लिहायला हवं होतं. ते राहिलं, चूक माझी.

एसजीपीटी यकृताच्या पेशींत असतं, पेशींना इजा झाली की रक्तात पाझरतं. म्हणजे आज किती पाझरतंय एवढंच तो आकडा सांगतो. आजवर किती नुकसान साचलंय, ते नाही. म्हणूनच सिरॉसिसमध्येही तो नॉर्मल दिसू शकतो. उलट हिपॅटायटिस ए मध्ये तो हजारांत जातो आणि बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात!

दोन माणसं घ्या, दोघांचंही एसजीपीटी 61. पहिला 42 वर्षांचा, एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम) 44, प्लेटलेट्स 2 लाख 60 हजार. दुसरा 58 वर्षांचा, एसजीओटी 52, प्लेटलेट्स 1 लाख 40 हजार. वयाला एसजीओटीने गुणायचं. मग प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. यकृतातल्या व्रणांचा अंदाज देणाऱ्या या गणिताला फिब-4 म्हणतात. पहिल्याचं उत्तर येतं 0.91, दुसऱ्याचं 2.76. 1.3 च्या खाली असेल तर यकृतात फार व्रण झालेले असण्याची शक्यता कमी, 2.67 च्या वर असेल तर यकृततज्ज्ञांना गाठायलाच हवं. दुसऱ्याच्या रिपोर्टवर ‘थोडंसंच’ म्हणून शेरा मारणं मला आता धाडसाचं वाटतं.

‘प्रत्येकाची सोनोग्राफी करा आणि मोकळे व्हा’ हे तुमचं म्हणणं मात्र पटलं नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे व्रण नाहीत असं होत नाही. आधी कारण शोधायचं: वजन, साखर, दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, चालू गोळ्या, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेले काढे-चूर्णंसुद्धा. (हे शेवटचं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.) आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढला असेल तर स्नायूंमुळेही दोन्ही आकडे वाढतात, तेव्हा आठवडाभर व्यायाम थांबवून तपासणी पुन्हा करणं रास्त. पण कारण न शोधता दर सहा महिन्यांनी तोच आकडा काढत बसणं, काकांच्या बाबतीत बहुधा झालं ते हेच.

मूळ लेखातलं ‘घाबरू नका’ हे वाक्य आज बदललंय.