राजीनामा दिलात ना? मग रजा कसली मागता?

पेपर टाकलात, चांगलं केलंत. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत चाललात, चार पैसे जास्त मिळतील, कुणाची ना नाही. पण परवा तुम्ही जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर रजेचं खातं उघडून बसला होता म्हणे. २२ पीएल, म्हणजे हक्काच्या पगारी रजा, शिल्लक दिसल्या आणि तुमच्या डोक्यात आलं, की नोटीस दोन महिन्यांची आहे तर त्यात आठ-दहा घेऊन टाकू. आईला जोतिबाला नेऊ, पोराच्या दाखल्याचं काम उरकू, एखादी दुपार नुसतंच झोपू.

हा विचार आधी डोक्यातून काढा. लोक काय म्हणतील?

या २२ रजा साठल्या कशा, ते आठवा. चैत्रात यात्रेला मागितली, तेव्हा मार्च एंडचं निस्तरणं चालू होतं. गणपतीत ऑडिट. दिवाळीच्या तोंडावर कस्टमर येणार होता, तो आला नाही, पण तुमची रजा गेली ती गेलीच. दर वेळी साहेबांनी खांद्यावर हात टाकून सांगितलं, "आत्ता नको मर्दा, नंतर घे की निवांत." तुम्ही गुणी बाळासारखे 'नंतर'ची वाट बघत बसलात. नंतर म्हणजे नोकरी असताना, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही.

बरं, सगळ्याच रजा अडल्या असंही म्हणता येणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, रस्ता बंद झाला, तुम्ही घरात अडकलात. ते दिवस कंपनीनं तुमच्या पीएलमधून वळते करून घेतले. पूर नदीला आला, रजा तुमची वाहून गेली. अर्ज नाही, सही नाही, कारण विचारणं नाही. तुमच्या अख्ख्या नोकरीत इतक्या झटपट मंजूर झालेली दुसरी रजा दाखवा.

तरीही अर्ज करायचाच म्हणत असाल तर त्याची रीत समजून घ्या. किरणोत्सवात मावळतीची किरणं अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत टप्प्याटप्प्यानं चढतात. तुमचा अर्जही तसाच सुपरवायझरच्या चरणांपासून वर निघतो आणि वाटेत एखादी इमारत आडवी आली की तिथंच थांबतो. ही इमारत बहुतेक वेळा पुण्याला मीटिंगला गेलेली असते. पोर्टलवर 'पेंडिंग' दिसत राहतं. चार दिवसांनी एचआरच्या मॅडम बोलावतात, स्क्रीन तुमच्याकडं वळवतात आणि तुमच्याच नेमणूकपत्रातल्या मुंगीएवढ्या अक्षरांवर पेन ठेवतात. नोटीसमध्ये रजा मिळणार नाही, घेतल्यास तेवढे दिवस नोटीस वाढेल. खाली तुमची सही. त्या वेळी तुम्ही नोकरी मिळाल्याचे पेढे वाटत होतात, वाचणार कधी?

शिवाय हँडओव्हरचं काय? तुमच्या जागी अजून माणूस घेतलेला नाही. माणूस नाही म्हणून तुम्ही थांबायचं, आणि तुम्ही थांबलाय म्हणून माणूस घ्यायची घाई नाही. तोवर रोज एक्सेलमध्ये कामाची यादी लिहा आणि रिकाम्या खुर्चीला मेल करा.

आजारी पडायची शक्कल तर लढवूच नका. एरवी तापानं फणफणत आलात तर "घरी जा की राव" म्हणणारे साहेब, नोटीसमधला ताप मात्र खोटाच धरतात. आणि कोल्हापूर केवढं? पोटदुखीची रजा टाकून तुम्ही सकाळी मिसळीचा कट मागायला हात वर करणार, आणि शेजारच्या टेबलावर एचआर मॅडमचा दीर. दुपारच्या आत प्लँटभर झालेलं असतंय.

कायदा उघडून बघायची हौस असेल तर तीही आवरा. १९४८ चा कारखाने कायदा सांगायचा, की वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. २०२० च्या कामगार संहितेनं त्या २४० चे १८० केले. कामगारानं स्वतःहून नोकरी सोडली तरी शिल्लक रजेचे पैसे द्यायचे, हेही कारखाने कायद्यात होतंच. म्हणजे रजा ही मेहेरबानी नसून काम करून आधीच कमावलेला पगार आहे, असा भलताच अर्थ त्यातून निघतो. तो काढू नका. त्याच कायद्याच्या कलम ७९ मध्ये शिल्लक रजा नोटीसच्या मुदतीत धरू नये, असंही वाक्य होतं. ते मालकानं कामगाराला काढताना त्याची नोटीस रजेत जिरवू नये म्हणून. साहेब ते तुम्हाला वाचून दाखवतील तेव्हा 'मालकानं काढताना' एवढंच गाळतील. तुम्ही मान डोलवा.

आणि लक्षात ठेवा, गेल्या वर्षी पगार न वाढवता तुम्हाला असिस्टंट मॅनेजर केलंय. संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येत व्यवस्थापक बसत नाहीत. व्हिजिटिंग कार्ड छापून आलं त्या दिवशी किती खूश होता तुम्ही!

राहिला पैशाचा भाग. समजा ग्रॉस ३६,००० आणि बेसिक १८,०००. नोटीसचा एक दिवस कमी भरला तर कंपनी ग्रॉसवर हिशेब करून १,२०० कापणार. साठलेल्या रजेच्या एका दिवसाचे देताना बेसिक धरून ६०० देणार. तुम्ही तेच, दिवस तोच, पण घ्यायचा भाव वेगळा आणि द्यायचा वेगळा. गुळाच्या सौद्यातसुद्धा एवढं धाडस कुणी करणार नाही. २२ दिवसांचे झाले १३,२००. त्यावर कराची चिंता नको. नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या पैशांवरची करमाफीची मर्यादा खासगी नोकरदारांसाठी २०२३ मध्ये ३ लाखांवरून २५ लाखांवर नेलीय. उरलेले २४ लाख ८६ हजार ८०० कसे भरून काढायचे, तेवढं बघा.

हे पैसे कधी येतील, असं विचारणं असभ्यपणाचं. वेतन संहिता म्हणते, राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करा. एचआर म्हणतं, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशेब, ४५ दिवसांत. ४५ दिवसांनी फोन केलात तर अकाउंट्सवाले रजेवर असतात. त्यांची मंजूर झालेली असते.

तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत इमानानं या. संध्याकाळी आयकार्ड, लॅपटॉप, लॉकरची किल्ली जमा करा, सगळ्यांना तांबडा-पांढरा खाऊ घाला, बिल तुम्हीच द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंबलेल्या अंगानं गोकुळ शिरगावच्या गेटवर उभे राहा. तिथल्या मॅडम फार गोड आहेत. पाणी देतील, फॉर्म देतील, आणि नेमणूकपत्राच्या तिसऱ्या पानावर पेन ठेवून सांगतील, "प्रोबेशनचे सहा महिने रजा नाही हं सर. नंतर घ्या की निवांत."