‘तोंड खुपसून’: एका हितचिंतकाला उत्तर

नमस्कार,

माझ्या वर्षभराच्या वाचनाच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. त्याच दिवशी उत्तर लिहिलं असतं तर ते छापण्यालायक झालं नसतं, म्हणून थांबले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ३८ पुस्तकांचा आकडा फुगवलेला आहे, मुलांना वाचून दाखवलेलीही त्यात धरली आहेत, ऐकलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं नव्हे, मुलाचे अपूर्णांक जूनमध्ये ‘पुढच्या महिन्यात’ होते, ते डिसेंबरमध्ये ‘पुढच्या वर्षी’ झाले. आणि शेवटी हे, जसंच्या तसं: ‘मुलं समोर असताना आई दिवसभर पुस्तकात तोंड खुपसून बसणार, आणि याला होमस्कूलिंग म्हणायचं?’ खाली सही, ‘एक हितचिंतक’.

तुमचं बरोबर आहे ते आधी सांगून टाकते. ३८ मधली ४ पुस्तकं मी मुलांना मोठ्यानं वाचून दाखवली होती. ती वेगळी दाखवायला हवी होती. मान्य.

आता ‘तोंड खुपसून’. तोंड खुपसतं ते जनावर, गव्हाणीत. माणूस फार तर डोकं खुपसतो. माझे वडील रोज रात्री दोन-दोन तास वाचत बसायचे, त्यांना कुणी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट आम्हा भावंडांना दटावलं जायचं, ‘बाबा वाचतायत, आवाज करू नका.’ आई पुस्तक घेऊन बसली की मात्र घरातल्या प्रत्येकाला तिच्याकडे काही ना काही काम निघायचं. तुम्ही स्त्री आहात की पुरुष हे नावावरून कळत नाही, पण हे वाक्य तुम्ही एखाद्या वडिलांना लिहिलं असतंत का, याचं उत्तर स्वतःलाच द्या. मला नको.

आणि ‘दिवसभर’? रोज २५ पानं. वर्षाची झाली ९,१२५. सरासरी २४० पानांचं पुस्तक धरा, ३८ होतात. पंचवीस पानांना मला पाऊण तास लागतो आणि त्यातला निम्मा मुलं उठायच्या आधीच संपलेला असतो. तुमच्याकडे दिवस केवढा असतो, कल्पना नाही. (४ वजा केली तर हिशेब आणखी माझ्याच बाजूला झुकतो, पण असो.)

होमस्कूलिंग कशाला म्हणायचं, हेही तुम्ही मला शिकवलंत, तर थोडं मीही सांगते. शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १८९० साली पालकांसाठी एक मासिक सुरू केलं. त्यात आयांना एक सल्ला आहे: एक जड पुस्तक, एक त्याहून सोपं आणि एक कादंबरी अशी तीन कायम हाताशी ठेवा, आणि ज्या वेळी जे झेपेल ते उचला. माझं पूर्ण वर्ष या तीन पुस्तकांच्या सल्ल्यावर बेतलेलं होतं. जॉन होल्ट हे स्वतः शिक्षक. १९७७ मध्ये त्यांनी घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी नियतकालिक काढलं. ते चाळिशीत चेलो शिकायला बसले होते. दोघांनाही स्वतःची मुलं नव्हती. हे तुम्ही शोधून काढालच, म्हणून आधीच सांगितलं.

मीही चाळिशी उलटल्यावर संस्कृत घेतलं. ‘गच्छन्ति’च्या जागी ‘गच्छति’ म्हणते आणि मुलगी शेजारून चूक धरते. मोठ्या माणसालाही येत नसतं, ते लाजतं, पुन्हा बसतं, हे तिला रोज दिसतं. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे, ते कळवा, मागवून घेईन.

(थांबा, मुलगा हाक मारतोय. आले. पट्टी सापडत नव्हती.)

वाचनाशी माझं नातं काय आहे, हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. मी शिकले त्या शाळेत पुस्तकांचं काचेचं कपाट होतं, आणि त्याला कुलूप. सात वर्षं मी त्या पुस्तकांचे कणे वाचले. पुढे आम्ही मुलांना घरी शिकवायचं ठरवलं तेव्हा पहिल्या वर्षी मी घरातच शाळा भरवली. भिंतीवर तासिकांचं वेळापत्रक, मोबाइलवर घंटा, सगळं. त्या वर्षी मी वाचलेली पुस्तकं: शून्य. ओरडले किती वेळा, ते मोजलं नाही. मार्च उजाडेपर्यंत मुलगी वही दिसली की न्हाणीघरात जाऊन बसायला लागली होती. तेव्हा मी पुस्तकात काही खुपसलेलं नव्हतं, पूर्ण वेळ तिच्या डोक्यावर उभी होते. ते तुमच्या व्याख्येत बसतं बहुधा.

आणि ध्येयं म्हणाल तर पुस्तकं ५२ ठरवली होती, झाली ३८. रोजनिशी मार्चमध्येच बंद पडली. पाचला उठायचं होतं, सहा वाजायचे. हे सगळं लेखात मीच लिहिलं आहे. मिरवायचं असतं तर लिहिलं असतं का?

ऐकलेलं म्हणजे वाचलेलं का, या वादात मला रस नाही. अपूर्णांकांबद्दल सवडीनं लिहीन. नऊ वर्षांच्या मुलाचं गणित हा चारचौघांत काढायचा विषय नव्हे, असं माझं मत आहे. (लेखात मीच काढला होता, ठीक आहे. पण मी त्याची आई आहे.)

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी काही पुसून टाकत नाही. फक्त खऱ्या नावानं लिहा आणि ‘हितचिंतक’ वगैरे राहू द्या.

ता. क. यादीत ३८ चे ३४ केले आहेत. शीर्षकात अजून ३८च दिसतंय, ते संध्याकाळी बदलते.