पाण्यात बुडालं म्हणजे सोनं खरं? नाही

‘दागिना पाण्यात बुडाला तर सोनं अस्सल’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. चांदी, तांबं, पितळही बुडतंच. बघायची ती घनता: शुद्ध सोनं 19.3, चांदी 10.5, पितळ साधारण 8.5 ग्रॅम प्रति घनसेंमी.

0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा. दागिना दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर दिसतं ते दागिन्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन; दागिन्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते. 10 ग्रॅमचा 22 कॅरेटचा दागिना सुमारे 0.56 ग्रॅम दाखवतो, सोन्याचा मुलामा दिलेली चांदी 0.95 च्या आसपास. चिकटलेले बुडबुडे आकडा फुगवतात, ते आधी झटका. लाख भरलेले मणी, खडे, पोकळ बांगड्या यांना ही पद्धत लागूच नाही. टंगस्टनची घनता 19.25, म्हणजे शुद्ध सोन्याच्या बिस्किटात तो दडवला तर ही चाचणीही फसते.