हेगच्या कोर्टात सीमाप्रश्न? आधी कोर्ट कुठलं ते बघा

'आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्यात एलएलएम करा, एका वर्षात हेगच्या कोर्टात वकील व्हा, सीमाप्रश्न जगापुढे मांडा!' खानापूर-बेळगावच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. फिरू दे म्हणून सोडून दिला असता, पण काल आमच्या दादाने तो वाचून शेतावर कर्ज काढायची भाषा सुरू केली. पुतणी यंदाच एलएलबी झाली ना!

मेसेजचा हुकमी पुरावा म्हणजे पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेले कुलभूषण जाधव. 'त्यांना हेगने न्याय दिला, आपल्यालाही देईल.' अहो, नेदरलँड्समधल्या हेगमध्ये न्यायालयं एकापेक्षा जास्त आहेत. जाधव प्रकरणाचा निकाल 17 जुलै 2019 ला दिला तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, आणि खटला होता भारत विरुद्ध पाकिस्तान. त्या न्यायालयाच्या संविधीचं, म्हणजे मूळ नियमावलीचं, 34वं कलम कुणीही उघडून वाचावं: पक्षकार फक्त देशच होऊ शकतात. महाराष्ट्र आणि कर्नाटक तिथे उभेच राहू शकत नाहीत. मेसेजवाला ज्याच्या नावाने पदवी विकतोय ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळं. ते माणसांवर खटले चालवतं, तेही वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण एवढ्यांपुरतेच. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी' यातल्या कुठल्या खणात बसवणार? शिवाय ते न्यायालय 1998 च्या ज्या रोम संविधीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराने, उभं राहिलं, तिच्यावर भारताने सहीच केलेली नाही. आपला दावा 2004 पासून दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात आहे. तो रखडलाय म्हणून पोरांना भलत्याच दारात उभं करायचं?

'पदवी मिळाली की वकील' हेही खोटं. त्या फौजदारी न्यायालयाच्या वकिलांच्या यादीत यायला किमान दहा वर्षांचा अनुभव मागतात. नोकरीत प्राधान्य सदस्य देशांच्या नागरिकांना.

'एका वर्षात होते' एवढं मात्र खरं. नेदरलँड्समधल्याच लायडन विद्यापीठात वर्षभराची एलएलएम आहे, आणि विषय चांगला आहे हेही कबूल. शिकवायचं असेल, संशोधन करायचं असेल, तर जरूर करावा.

राहता राहिली मेसेजमधली 'हमखास स्कॉलरशिप'. ती विद्यापीठं देतात, सरकार देतं. मेसेजखाली नंबर टाकलेला एजंट देत नाही. तो उलट 'सीट धरायला' आधी पन्नास हजार मागतो. दादाला म्हटलं, पोरीला आधी सनद काढू दे, बेळगावच्या कोर्टात चार फौजदारी खटले जवळून बघू दे. मग वाटलंच तर अर्ज तिनेच करावा, थेट विद्यापीठाकडे. सातबारा तोवर कपाटातच राहू दे.